ग्रॅनोला दाताखाली वाजला पाहिजे

२ मे

ताईस,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो. पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरतेस, असं तूच सगळ्यांना सांगत असतेस. हे काम नेमकं आहे, त्यात तुझ्या मनाचं काही नको, म्हणून लिहितोय.

खारू येतेय. सुट्टीभर माझ्याकडे राहणार. तिच्या आईची बदली लांब झाली ते तुला माहीत आहे. पोरीची शाळा संपली. पुढचं कॉलेज आईबरोबर तिकडे जाऊन करायचं की माझ्याकडे राहून इथे, हे तिचं तिने ठरवायचं, असं आम्हा दोघांचं ठरलंय. वेगळे झाल्यापासून आमचं एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. सुट्टी संपताना ती सांगणार आहे.

मला ती इथे हवी आहे, ताई. हे तुला सांगतोय, तिला अजून सांगितलेलं नाही. मधली खोली रिकामी केली, माझी हत्यारं जिन्याखाली हलवली, खिडकीला नवा पडदा लावला. टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, तो घट्ट केला. आता घरात डुगडुगणारा मीच काय तो उरलोय.

नाश्त्याला काय ठेवू म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाली, ग्रॅनोला. दुकानातून पाकीट आणून मी आधी स्वतः चाखून पाहिलं. गोडमिट्ट, आणि खाली पुठ्ठ्याची चव. लेक इतक्या दिवसांनी येणार आणि तिला मी पुठ्ठा खायला घालू? तू दर रविवारी घरी करतेस तो कसा, ते लिहून पाठव. अंदाजपंचे नको, मापात लिही. ओव्हन आहे. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीशेजारी माझा जन्म गेलाय, एक ट्रे भाजणं मला काही जड नाही.

तुझा भाऊ


५ मे

भाऊराया,

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा हसले. ज्याने आजवर अंडं उकडण्यापलीकडे मजल मारली नाही तो मला मापात लिही म्हणतोय! घे मापात.

तीन वाट्या जाड ओट्स. झटपट शिजणारे पातळ आणू नकोस, त्यांचा लगदा होतो. एक वाटी बदाम, अख्खे. अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया. थोडी दालचिनीची पूड. चिमूटभर मीठ, आणि ते विसरायचं नाही, मिठाशिवाय गोड नुसतंच गोड लागतं. पाव वाटी तेल आणि त्याहून जरा जास्त मध एका भांड्यात कोमट करून यावर ओत. मूठभर मनुका. आता माझी खुबी, जी मी शेजारणीलाही सांगितलेली नाही. एका अंड्यातला पांढरा भाग फेस येईपर्यंत घुसळायचा आणि यात मिसळायचा. मग सगळं ट्रेवर पसरून वाटीच्या बुडाने दाबून दाबून बसव. मंद आच ठेव. भाजताना हलवायचं नाही. हलवलंस की भुगा झाला म्हणून समज. न हलवता भाजलंस तर फरशीसारखी लादी होते, ती मोडायची, म्हणजे हे एवढाले खडे निघतात.

ग्रॅनोला दाताखाली वाजला पाहिजे. वाजत नाही तो ग्रॅनोलाच नव्हे. हे मी उगाच बोलत नाही. निवृत्त होईपर्यंत दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवल्यात. लोकांना पुन्हा कडाकडा चावता यावं यासाठी मी हाडाची काडं केली, मी तुला मऊ नाश्ता कसा सुचवीन?

तिला अजून काही सांगितलं नाहीस ते उत्तम केलंस. घाई करू नकोस. माझ्या हातचा ग्रॅनोला खाऊन आजवर कुणी घर सोडून गेलेलं नाही.

ताई


८ मे

ताईस,

तुझ्या कृतीत चूक आहे.

मी सगळं मापात घेतलं. ओव्हनवरचा आकडा खोटा बोलतो की काय म्हणून कारखान्यातला थर्मामीटर आणून तपासलं. बोलत होता. तो हिशेब धरून आच कमी केली. रंग सुरेख आला, घरभर वास सुटला. ट्रे बाहेर काढून बोटाने दाबून पाहिलं तर मऊ. परत आत घातला. काढला, दाबला, मऊ. परत आत. असं करता करता एकदाचा कडक झाला, तेव्हा तो कोळसा होता. दुसऱ्या ट्रेचंही तेच. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई धूर बघून पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. बादली माझ्या दारात रिकामी करूनच त्यांचं समाधान झालं.

मनुका ओट्सबरोबर भाजल्या त्यांचे छर्रे झाले. त्यातला एक चावला आणि माझी मागची दाढ... ते राहू दे.

खारू चार दिवसांत येईल. कृतीत काय लिहायचं राहिलंय ते शोध आणि उलट टपाली कळव. माझ्या बाजूने सगळं बरोबर आहे.

तुझा भाऊ


१० मे

भाऊराया,

कृतीत काही राहिलेलं नाही. तुझ्या डोक्यात राहिलंय.

तू कारखान्यात काय करतोस? भट्टीतून निघालेल्या बाटल्या हळूहळू थंड करतोस. बाटली भट्टीत नाही होत, थंड होताना होते, घाई केली की तडकते, हे तू भेटेल त्याला ऐकवत आलास. तुझ्या लग्नाच्या जेवणात माझ्या सासऱ्यांना ऐकवलंस, ते बिचारे हातातला घास हातात धरून ऐकत होते. आणि तो तू ट्रे बाहेर आल्या आल्या त्यात बोट खुपसतोस?

गरम असताना ग्रॅनोला मऊच असतो. मध गार होत जातो तसा तो कडक होत जातो. रंग बदामी झाला की ट्रे काढून ओट्यावर ठेव आणि हात मागे बांधून उभा राहा. उभं राहवत नसेल तर फिरून ये. पुरता गार झाल्याशिवाय लादी मोडायची नाही आणि गरम गरम बरणीत भरायचं नाही, वाफ धरते. मनुका सगळ्यात शेवटी, वरून. हे मी लिहिलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागतं अशी मला कल्पनाच नव्हती.

ताई

ता. क. दाढेचं काय झालं? 'ते राहू दे' म्हणजे काय?


१६ मे

ताई,

जमलं! ट्रे ओट्यावर ठेवला, स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि नदीवरच्या पुलापर्यंत चालत जाऊन आलो. परत येऊन लादी मोडली तर टक्क आवाज आला. बाटलीचा असा आवाज आला तर आमच्याकडे चेहरे पडतात, मी मात्र टाळी वाजवली. कारखान्यातून मोठ्या तोंडाच्या दोन बरण्या आणल्यात. काचेत बुडबुडा राहिला म्हणून बाजूला काढलेल्या होत्या. एक बरणी भरली आणि वर चिठ्ठी लावली, 'खारूसाठी आहे. हात लावू नये.' घरात मी एकटाच होतो, पण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.

खारू आली. माझ्या खांद्याच्या वर गेलीय. पुढचे दोन दात मात्र तसेच, खारीचे, ज्यांच्यापायी मी तिला खारू म्हणायला लागलो. गाडीतून उतरताना ते दिसले आणि मी फलाटावरूनच हाक मारली, "खारू!" इतकी मोठ्याने की दोन हमाल वळून बघायला लागले. तिने ओठ मिटून हसल्यासारखं केलं.

आणि ताई, तेव्हापासून ती बोलतच नाही. हं, नको, बरं. एवढंच. फोनवर ही पोरगी माझा कान खायची. ग्रॅनोला समोर ठेवला तर खाल्ला, पण अगदी सावकाश, एक वाडगा संपवायला माझे दोन चहा झाले. तिला इथे आवडत नाहीये का? सरळ विचारूनच टाकू का, राहतेस की नाही?

तुझा भाऊ


१९ मे

भाऊराया,

खबरदार. विचारायचं नाही.

या वयात पोरी अशाच गप्प होतात. मी स्वतः पूर्ण उन्हाळाभर बोलले नव्हते, आईने शेवटी वैद्य आणला. ट्रे ओट्यावर ठेवलाय असं समज आणि हात मागे बांध. कॉलेज, आईची बदली, राहणं, जाणं, यातला एक शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नये. तिने विषय काढला तरी तू दुसरीकडे वळव. आपल्यावर कुणी दडपण आणत नाही हे कळलं की ती आपसूक बोलेल.

आणि सावकाश खाते याचा अर्थ चव घेऊन खाते. एवढं कसं कळत नाही तुला? पुढच्या खेपेला खडे आणखी मोठे कर. थोडे काजूही घाल, अख्खे. पोरीच्या जातीला दात मजबूत हवेत.

निश्चिंत राहा. माझं आजवर कधी चुकलंय?

ताई


२३ मे

ताईस,

तुझं सगळं ऐकलं. एक शब्द काढला नाही. ती एकदा "बाबा, इथलं कॉलेज..." असं काहीतरी म्हणाली तर मी उठून खिडकी पुसायला घेतली. खिडकी आता इतकी स्वच्छ आहे की परवा एक चिमणी येऊन आपटली.

खडे मोठे केले. वाडग्यात मोजके मावतात. ती ते दुधात घालते आणि पार लगदा होईपर्यंत पुस्तक वाचत बसते. मी पाठ वळवली की मोठे खडे परत बरणीत टाकते आणि बुडातला भुगा चमच्याने काढून घेते. बरणी काचेची आहे, मला ओट्यापासून सगळं दिसतं. सफरचंद दिलं तर त्याचे बारीक तुकडे करते. जेवण झालं की न्हाणीघरात जाते, दार लावते, बराच वेळ नळ चालू असतो. बाहेर येते तेव्हा डोळे लाल. परवा पाणी कोमट करून त्यात मीठ घालून आत घेऊन गेली. घसा धरलाय का म्हटलं, तर मान हलवली. जे काही बोलते तेही जड जिभेने बोलते, 'स' तर नीट उमटतच नाही. आतून रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचं असं होतं.

मी बावळट नाही, ताई. तिला इथे राहायचं नाहीये आणि बापाला तोंडावर नाही म्हणायचा तिला धीर होत नाही. म्हणून नकार गिळत बसलीय, ग्रॅनोलासकट. हे मला बघवत नाही. मी आईकडच्या गाड्यांचं वेळापत्रक आणून टेबलावर ठेवलंय. पुढच्या रविवारी मीच सांगून टाकणार, बाळा, तू आईबरोबर जा, मला काही वाटणार नाही. मला वाटणार आहे, पण तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल.

पडदा काढणार नाही. सुट्टीत येईल ती.

तुझा भाऊ


२५ मे

भाऊराया,

रविवारी काहीही बोलायचं नाही. तोंडाला कुलूप लाव. सोबतचं बंद पाकीट खारूच्या हातात दे. फोडून वाचलंस तर माझ्याशी गाठ आहे.

ते वेळापत्रक फाडून टाक. ग्रॅनोला आजपासून बंद.

ताई


(सोबतचं पाकीट)

खारूबाई,

तुझ्या बाबाने मला लिहिलंय की तू फार दुःखी आहेस. पुरावा म्हणून त्याने चार ओळी दिल्यात. त्या मी दोनदा वाचल्या. मला त्यात दुःख कुठे दिसलं नाही, दात दिसले.

मिठाच्या पाण्याच्या चुळा. 'स' बसत नाही. बोलणं नको वाटतं. जेवल्यावर बराच वेळ ब्रश. सफरचंदाचे तुकडे. आणि समोरून बघणाऱ्या तुझ्या बाबाला तुझे दात जसेच्या तसे दिसतात. म्हणजे दातांना तारा बसवल्यात आणि त्या आतल्या बाजूने बसवल्यात. महिनासुद्धा झाला नसेल. बरोबर ना? अगं, आमच्या लॅबमध्ये शेवटी शेवटी अशा तारांसाठी दातांचे साचे यायचे. आतल्या तारा बाहेरून दिसत नाहीत, पण जिभेला जागा उरत नाही, ती दिवसभर त्यांवर घासते. डोळ्यांतून पाणी येतं ते मला ठाऊक आहे. जीभ लवकर शहाणी होते, घाबरू नकोस. टोचतं तिथे मेण लाव, डॉक्टरांनी दिलं असेल.

आता मला सांग, बाबाला का सांगितलं नाहीस? आणि त्याचे ते दगड का खातेस? ते दगड माझ्या कृतीचे आहेत. तुझ्या तोंडात काय आहे हे मला कुणी कळवलं असतं तर ती कृती मी दिलीच नसती. तेव्हा चूक माझी म्हणता येणार नाही, पण मला वाईट वाटलं आहे, हे मात्र खरं.

मऊ ग्रॅनोलाची कृती मागच्या पानावर लिहिलीय. अंडं नाही, दाबणं नाही, बदाम-काजू कुटून घालायचे, भाजताना सारखं हलवायचं आणि मधाऐवजी पिकलेलं केळं कुस्करून घालायचं. वाजणार नाही. हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहिलं.

लगेच उत्तर पाठव.

आत्या


२८ मे

आत्या,

तू तिथे बसून माझ्या तोंडात कसं काय बघितलंस? तुझं पाकीट वाचून मी इतकी हसले की तार टोचली.

हो, आतून बसवल्यात. इथे यायच्या आठवडाभर आधी. आई बाबांना सांगणार होती, मीच म्हटलं की मी सांगते. पण फलाटावर त्यांनी एवढ्या मोठ्याने "खारू!" अशी हाक मारली आणि माझ्या दातांकडे बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला सांगताच येईना. दात आत गेले तर मी खारू कशी राहणार? त्यांना वाटेल, मला ते नाव आवडत नव्हतं म्हणून मी हे केलं. आत्या, मला नाव आवडतं, दात आवडत नव्हते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना समजावायचं तर मोठं वाक्य बोलावं लागतं, आणि मोठं वाक्य बोलायला गेलं की थुंकी उडते.

आणि ग्रॅनोला मी नाही कसा म्हणू? त्या बरणीवर त्यांनी चिठ्ठी लावलीय ती तू बघायला हवी होतीस. स्वतः एक दाणा खात नाहीत. मी पहिला घास घेते तेव्हा ओट्याला टेकून उभे राहतात आणि आवाज कसा येतो ते ऐकतात. काल एक काजूवाला खडा मुद्दाम त्यांच्यासाठी चावला. आवाज झाला. बाबा खूश झाले. तो आवाज दाताला चिकटवलेली पट्टी निघाल्याचा होता. आता तारेचं टोक मोकळं झालंय, मेणाचा गोळा लावून बसलेय.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. मला इथे राहायचंय. मी येतानाच ठरवून आले होते. मधली खोली मला फार आवडली, पडद्यावर पिवळे मासे आहेत. वाटलं होतं, बाबा एकदा विचारतील आणि मी लगेच हो म्हणेन. ते विचारतच नाहीत. मी कॉलेजचं नाव काढलं तर खिडकी पुसायला लागले. मग टेबलावर आईकडच्या गाड्यांचं वेळापत्रक आलं. तुझं पाकीट आलं त्या दिवशी ते नाहीसं झालं, ते कशामुळे तेही कळत नाही. मी त्यांना इथे नको असेन तर मी जाते, मला रडारड करायची नाही. पण ते तुला सगळं लिहितात. तू मला खरं काय ते सांग.

तुझी खारू


३० मे

भाऊराया,

खारूचं पत्र पोचलं. तिने मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर मी देणार नाही, तू देणार आहेस. प्रश्न काय आहे तेही मी सांगणार नाही, कारण पोरीने विश्वासाने लिहिलंय.

तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आजच जा, कारखान्यात सुट्टी टाक. का, ते तिचं तोंड उघडायला लावलंस की कळेल. ओरडू नकोस आणि खचूही नकोस, काही वाईट झालेलं नाही.

आणि ऐक. तिला काही विचारू नकोस असं मी तुला बजावलं होतं. ते परत घेते. हे वाक्य नीट वाचून घे, मी असं पुन्हा लिहीन याची खात्री नाही. ग्रॅनोला गार होईपर्यंत थांबायचं असतं, पण गार झाल्यावरही माणूस हात मागे बांधून उभाच राहिला तर त्याला काय म्हणावं? मी तुला कधी थांबायचं ते सांगितलं, कधी पुरे ते सांगायचं राहिलं. आता पुरे. तुला जे हवंय ते तिच्या तोंडावर बोल. खिडकीला हात लावशील तर बघ.

ताई


३ जून

ताई,

तुझं पत्र नाश्त्याच्या वेळी आलं. मी ते वाचून खिशात ठेवलं आणि खारूला म्हटलं, "बाळा, आ कर." तिने डोळे मिटले आणि आ केला.

ताई, आत एवढं सामान! आमच्या कारखान्यातल्या यंत्राला इतक्या तारा नसतील. आणि एक पट्टी मोकळी लोंबत होती. कशाने झालं विचारलं तर तिने बोटाने बरणी दाखवली. मी खालीच बसलो. माझ्या लेकीच्या तोंडात दुखतंय आणि मी रोज सकाळी तिला खडे मोजून वाढत होतो, वर आवाज ऐकत उभा राहत होतो. मला फार वाईट वाटलं. तीच मला पाणी देऊन म्हणाली, "बाबा, चव खरंच छान होती." 'छान' स्पष्ट आलं, 'स' नव्हता ना त्यात. मग तिने दात, नाव, फलाट, सगळं हळूहळू सांगितलं. थुंकी उडाली. मी म्हटलं, "उडू दे. आणि तू काय दातांची खारू आहेस का? माझी खारू आहेस. कवळी लावून म्हातारी झालीस तरी मी खारूच म्हणणार." कवळीवरून आम्हा दोघांना एकदमच तुझी आठवण झाली.

पुलापलीकडे दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. वाट बघायच्या बाकावर बसलो तेव्हा मी बोलायचं मनात जुळवत होतो. मला तू इथे हवी आहेस, खोली त्यासाठीच केलीय, वेळापत्रक आणलं तो माझा गाढवपणा होता. तीन वाक्यं. तोंड उघडणार तोच आत बोलावलं.

डॉक्टरांनी पट्टी बसवली. मग त्या कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "ही तार दर महिन्याला आवळावी लागते, दीड वर्ष तरी. पुढची तारीख कुठे घेणार? तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे?"

खारू माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथेच. दर महिन्याला इथेच."

'स' नव्हता, तरी मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. ती पुन्हा म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चालेल ना, बाबा?"

 मनात जुळवलेली तीन वाक्यं होती, त्यातलं एकही बाहेर निघालं नाही, नुसता आ वासून उभा होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोंड उघडलंच आहे तर बसा खुर्चीत, तुमचंही बघून घेते." दाढ फुटलीय, ताई. तुझ्या मनुकेने. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना एकाच दिवशीची वेळ मिळालीय.

तीन वाक्यं मी पुलावर बोललो. तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "हे आधी बोलला असता तर मी तो काजू चावला नसता."

घरी येऊन तिने तुझ्या मागच्या पानावरचा ग्रॅनोला केला. मी ट्रे बाहेर काढून हात मागे बांधले, तर ती म्हणाली, हा गरमच खायचा असतो. ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. अजिबात वाजत नाही. तुला राग येईल, पण मला हाच जास्त आवडला, माझ्या दाढेलाही.

तुझा भाऊ


आत्या, खाली थोडी जागा उरलीय म्हणून मी लिहिते. कडक ग्रॅनोलाची बरणी आम्ही टाकली नाही. झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवलीय आणि बाबांच्या चिठ्ठीवर मी तारा निघायचा महिना लिहिलाय. ग्रॅनोला तोवर टिकणार नाही हे मला माहीत आहे. तारा निघतील त्या दिवशी तू ये आणि नवीन कर, अंडं घालून, दाबून. मी चावते आणि तुम्ही दोघं आवाज ऐका.

खारू